शेजारच्या खाटेवरचं ज्ञान

कर्करोगाच्या रुग्णांनी एकमेकांना सल्ला द्यावा की नाही, यावर आपल्याकडे चर्चा निघाली की दोनच आवाज ऐकू येतात. एक आवाज डॉक्टरांचा. "कुणीतरी पेशंटने सांगितलं म्हणून दुसरा पेशंट औषध बंद करून येतो आणि मग निस्तरायचं आम्ही," अशी त्यांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. दुसरा आवाज ४ फेब्रुवारीच्या कार्यक्रमांतला. जागतिक कर्करोग दिनाला एखाद्या बऱ्या झालेल्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, तो आपण आजारावर मात कशी केली ते सांगतो, आणि समोर बसलेल्यांनी त्यातून प्रेरणा घेऊन घरी जावं अशी अपेक्षा असते. एका बाजूला सहरुग्ण म्हणजे अफवांचा उगम वाटतो, दुसऱ्या बाजूला तो स्फूर्तिस्थान वाटतो. मात्र एका गोष्टीवर दोघांचं न बोलता एकमत आहे. एका रुग्णाने दुसऱ्याला द्यायचा असतो तो धीर. ज्ञान डॉक्टरांकडे असतं. माझा आक्षेप या एकमतावरच आहे. निदान मूत्राशयाच्या कर्करोगात तरी सहरुग्णाकडून मिळतं ते मुख्यतः ज्ञान असतं. ते कुठल्या केसपेपरवर लिहिलेलं नसतं आणि त्याच्याशिवाय उपचार अर्धवट राहतात. म्हणून रुग्णाची रुग्णाशी गाठ घालून देणं हे रुग्णालयाचं काम आहे. टाके काढायची तारीख देणं जसं त्यांच्याकडे आहे, तसंच हेही असायला हवं.

हा आजार मला आहे, पण त्याच्याबद्दल बोलण्याचं कारण तेवढंच नाही. या आजाराचा स्वभावच असा आहे की त्यात हा प्रश्न लख्ख दिसतो. निदान होतं तेव्हा साधारण चारातल्या तिघांची गाठ मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरती असते, स्नायूत उतरलेली नसते. दुर्बिणीतून ती खरवडून काढता येते, दोन-चार दिवसांत माणूस घरी येतो. नातेवाईक पेढे वाटायच्या बेतात असतात. आणि मग कळतं की ही गाठ परत येते. सगळ्यांची येत नाही, पण इतक्या जणांची येते की पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदा दुर्बीण घालून बघत राहावं लागतं. ज्यांना धोका जास्त, त्यांच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. हो, क्षयाविरुद्धची तीच लस, जी १९२१ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा माणसाला दिली गेली आणि जिचा मूत्राशयाच्या गाठींवरचा उपयोग कॅनडातल्या अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडला. आठवड्याला एक असे सहा डोस, मग काही महिन्यांच्या अंतराने तीन-तीन डोसांच्या फेऱ्या, त्या तीन वर्षांपर्यंत चालू शकतात. गाठ स्नायूत शिरली तर अनेकांचं मूत्राशयच काढावं लागतं. मग आतड्याचा तुकडा वापरून लघवीला पोटावर वाट करून देतात आणि त्या तोंडावर, म्हणजे स्टोमावर, कायम पिशवी लावावी लागते. किंवा आतड्याचंच नवं मूत्राशय शिवून देतात. अशा आजारात विजयाचा दिवस कोणता धरायचा? पहिली दुर्बीण स्वच्छ निघाली तो? पाचवी स्वच्छ निघाली तो? सत्काराच्या व्यासपीठावर सांगता येईल असा शेवट या कहाणीला नसतो. या आजारात रोज राहावं लागतं, आणि रोज राहायचं कसं हे ऑपरेशन थिएटरमध्ये शिकवलं जात नाही.

शिवाय हा आजार विरळ आहे, आणि गर्दीच्या देशातला विरळ आजार माणसाला फार एकटं पाडतो. जगात २०२२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाचे सहा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. भारतात हा आकडा वर्षाला वीस हजारांच्या आसपास धरला जातो. दीडशे कोटींकडे निघालेल्या देशात हे म्हणजे काहीच नाही. तोंडाचा कर्करोग झालेला माणूस महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत कुणाच्या तरी ओळखीचा असतो, स्तनाच्या कर्करोगातून गेलेली बाई प्रत्येक मोठ्या नात्यागोत्यात सापडते. मूत्राशयाचा रुग्ण मात्र तालुक्याच्या गावी आपल्यासारखा दुसरा शोधायला गेला तर त्याला कुणी भेटत नाही. भेटला तरी तो सांगत नाही, कारण दुखणं कुठलं हे सांगायचं म्हटलं की लघवी, नळी, जननेंद्रिय, सगळंच तोंडावर आणावं लागतं. "किडनीचं काहीतरी झालंय" असं सांगून वर्षानुवर्षं वेळ मारून नेणारी माणसं मला माहीत आहेत. दोन रुग्ण एकाच आळीत राहतात आणि दोघंही किडनीचं सांगतात, तेव्हा त्यांची गाठ पडणार कशी?

मी ज्ञान म्हणते ते नेमकं कसलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पिशवी सकाळी उठल्या उठल्या, चहा-पाण्याच्या आधी बदलावी, कारण तेव्हा लघवीची धार सर्वांत कमी असते आणि कातडी कोरडी ठेवता येते. रात्री पिशवीला लांब नळी जोडून खाटेखाली मोठी पिशवी ठेवली की दर दोन तासांनी उठावं लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून जुन्या मापाने भोक कापत राहिलं तर भोवतालची कातडी सोलवटून निघते. लघवीत शेंबडासारखा पांढरट चिकट पदार्थ दिसला तर घाबरू नये. आतड्याचा तुकडा त्याच्या जन्मजात सवयीप्रमाणे तो स्राव सोडतच राहतो. नवं मूत्राशय बसवलेल्याला लघवी लागल्याची जुनी जाणीव होत नाही, त्याला घड्याळ लावून तीन-चार तासांनी जावं लागतं, रात्रीसुद्धा गजर लावून. बीसीजी घेतल्यावर पुरुषांनीही बसूनच लघवी करावी आणि नंतरचे काही तास दर वेळी संडासात ब्लीच ओतून थोडा वेळ ठेवावं, कारण त्या लघवीत जिवंत जंतू असतात. यातलं बरंचसं वैद्यकीय पुस्तकांत आहे, चांगली रुग्णालयं ते सांगतातही. पण भरलेल्या ओपीडीत, पोटावरच्या जखमेकडे पाहायलाही धजावत नसलेल्या माणसाच्या कानावर ते पडलं, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलं असं होत नाही.

आणि यातलं बरंचसं कुठल्याच पुस्तकात नाही. मे महिन्यात चिपळूणच्या दमटपणात पिशवीचा चिकट भाग सुटायला लागतो तेव्हा काय करायचं? एसटीने सोलापूर ते मुंबई जायचं तर कुठल्या थांब्यावरचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे? मांडी घालून पंगतीला बसता येतं का? साडी पिशवीच्या वर नेसायची की खाली? पोटावर सतत लघवीची पिशवी असताना सोवळ्यात स्वयंपाक करावा का, देवघरात जावं का, वारीला निघावं का? नमाजाआधीची वजू टिकते का? हे प्रश्न मूत्रविकारतज्ज्ञाला कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी त्याच्याकडे उत्तर नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे उत्तर असतं, पण बहुतेकदा ते "आता राहू दे, नको" असं असतं. गणपतीची पूजा पिशवी लावून केलेल्या बाईने "मी केली, काही झालं नाही" असं सांगितलं की सुटणारा हा प्रश्न आहे. तिथे शास्त्रार्थ चालत नाही, सहानुभूतीही चालत नाही. करून पाहिलेल्या माणसाचा शब्दच चालतो.

आता डॉक्टरांच्या तक्रारीकडे वळते, कारण विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे. रुग्णांच्या तोंडून चुकीची माहिती पसरते, हे खरं आहे. लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, गव्हांकुरांचा रस, गोमूत्र, "साखर बंद केली की गाठ उपाशी मरते", हे सगळं मी रुग्णांच्याच तोंडून ऐकलं आहे. याहून धोकादायक असतं ते अर्धसत्य. बीसीजीनंतर थोडी कणकण, जळजळ बहुतेकांना होते, म्हणून एखादा अनुभवी रुग्ण नव्याला सांगतो, "सगळ्यांनाच येतो ताप, गोळी घे आणि पड." पण क्वचित हा जंतू रक्तात पसरतो. चढलेला किंवा उतरायचं नाव न घेणारा ताप असेल तर त्याच रात्री डॉक्टरांना कळवायला हवं, नाहीतर जिवावर बेतू शकतं. बहुतेकांना लागू पडणारा अनुभव उरलेल्या थोड्यांचा घात करतो. हे नाकारणारा सहरुग्णांचा कैवारी प्रामाणिक नाही.

पण या मुद्द्यावरून निष्कर्ष कुठला निघतो? काढ्याचा सल्ला रुग्णांच्या बैठकीत जन्माला येत नाही. तो भेटायला आलेल्या मावसभावाकडून येतो, शेजाऱ्यांकडून येतो, भिंतीवरच्या जाहिरातीतून येतो. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती जाहिरात अजून भिंतीवर आहेच. ज्याच्यावर हा सगळा मारा होतो त्या माणसाला "मीही घेतला होता तो काढा, त्यात सहा महिने गेले, तेवढ्यात गाठ स्नायूत उतरली" असं सांगणारा कोण असतो? डॉक्टरांनी काढा नको म्हटलं तर त्यात घरच्यांना अॅलोपॅथीचा अहंकार दिसतो. सहरुग्णाने म्हटलं तर ते ऐकलं जातं. म्हणजे जी विश्वासार्हता चुकीची माहिती पसरवायला उपयोगी पडते, तीच ती थांबवायलाही लागते. प्रश्न राहतो तो एवढाच, की ही विश्वासार्हता वाऱ्यावर सोडायची की तिला बसायला जागा, वेळ आणि नियम द्यायचे. नियम अवघडही नाहीत. अनुभव सांगा, औषध सांगू नका. आपला डोस दुसऱ्याला लावू नका. ताप, रक्ताच्या गाठी, लघवी बंद होणं, यांवर बैठकीत चर्चा नाही, थेट फोन. खोलीत एक परिचारिका बसलेली असली की हे नियम पाळले जातात.

या बाबतीत इतिहास माझ्या बाजूने आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. स्टोमाची काळजी घेणारी प्रशिक्षित परिचारिका आज जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत असते. हा पेशा कुणी सुरू केला? ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या नॉर्मा गिल या बाईने, आणि ती परिचारिका नव्हती. आतड्याच्या दीर्घ आजारानंतर १९५४ मध्ये तिच्या पोटावर स्टोमा आला. आपलं आपण शिकत शिकत ती गावातल्या दुसऱ्या स्टोमाधारकांना मदत करू लागली. तिच्यावर शस्त्रक्रिया करणारे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ मध्ये तिला क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये कामालाच घेतलं, आणि १९६१ पासून तिथे इतरांना हे शिकवणं सुरू झालं. म्हणजे आज ज्याला आपण वैद्यकीय कौशल्य म्हणतो ते एका रुग्णाच्या अनुभवातून निघालं, आणि एका सर्जनला ते ओळखण्याइतका मोठेपणा होता म्हणून टिकलं. चिकटणाऱ्या पिशवीची गोष्टही तशीच. डेन्मार्कच्या एलिझ सोरेन्सन या परिचारिकेची बहीण स्टोमामुळे घराबाहेर पडायला घाबरत होती. तिच्यासाठी एलिझने १९५४ मध्ये कातडीला चिकटेल अशी, वापरून टाकून देता येईल अशी पिशवी कल्पिली. त्याआधी लोक पट्टे, कापडं आणि रबराची साधनं बांधून दिवस काढत. हा शोध प्रयोगशाळेत लागला नाही. एका बाईला बाहेर जाता येत नव्हतं, ते दुसरीला पाहवलं नाही, त्यातून तो लागला.

ज्या काळात नॉर्मा गिल ॲक्रनमध्ये घरोघर जात होती, त्याच्या थोडं आधी न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर नावाची बाई स्तन काढलेल्या रुग्णांच्या खाटांजवळ जाऊन बसू लागली होती. हाताचे व्यायाम कसे करायचे, ब्लाउजच्या आत काय भरायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, हे तिच्या स्वतःच्या अशाच शस्त्रक्रियेनंतर तिला कुणी सांगितलं नव्हतं. १९५२ चा तो काळ. अनेक डॉक्टरांनी तिला विरोध केला. बिनपदवीची बाई आमच्या रुग्णांना काय सांगणार, हाच मुद्दा होता. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचा उपक्रम स्वतःच्या छत्राखाली घेतला. आज आपल्याकडे हा आक्षेप ज्या शब्दांत घेतला जातो त्याच शब्दांत तो सत्तर वर्षांपूर्वी घेतला गेला होता, आणि तो टिकला नाही.

इतकं लांब तरी कशाला जायचं? डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. व्यसन सोडलेली माणसं तिथे समुपदेशक होतात आणि नव्याने आलेल्यांना हाताला धरून पुढे नेतात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्याच्यामागे १९३५ पासूनचा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा अनुभव आहे (तीही चळवळ ॲक्रन गावातलीच, हा योगायोग मला फार आवडतो). ज्याने स्वतः दारूचा ग्लास खाली ठेवला आहे त्याचं म्हणणं व्यसनी माणूस ऐकतो, हे आपण मान्य केलं. तिथे कुणी "रुग्णाने रुग्णाला काय शिकवावं" असं म्हणत नाही. मग ज्या माणसाने स्वतः पोटावर पिशवी लावून मुलीच्या लग्नात अक्षता टाकल्या आहेत, त्याचं म्हणणं ऐकायला आपल्या रुग्णालयांना अडचण का वाटते? मुंबईत टाटा रुग्णालयाच्या परिसरात कर्करोगातून गेलेल्या लोकांनी चालवलेलं काम दिसतं, स्टोमाधारकांच्या भेटीगाठीही तिथे होतात. पण उपचारासाठी परळला गेलेला माणूस घरी जातो तो परभणीला, आणि त्याचे प्रश्न परभणीत सुरू होतात.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या बाजूच्या उत्साही लोकांनीच तो ओढवून घेतला. १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: शरीरभर पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला रुग्णांच्या आधारगटात बसल्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, ज्या बसल्या नाहीत त्या १८.९ महिने. जगभर त्याचा गवगवा झाला. गटात बसा, आयुष्य दुप्पट करा! मग २००१ मध्ये कॅनडातल्या पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला. आयुष्य वाढलं नाही. तेव्हापासून "या गटांचा उपयोग सिद्ध झालेला नाही" हे वाक्य तयार झालं. पण गुडविन यांच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही: ज्या स्त्रिया सुरुवातीला फार खचलेल्या होत्या त्यांचं मन सावरलं आणि त्यांना वेदना कमी जाणवू लागली. मला विचाराल तर आयुष्य वाढण्याची अपेक्षाच चुकीची होती. पोटावरची कातडी सोललेली नसणं, रात्री अंथरूण ओलं न होणं, तिसऱ्या दुर्बिणीलाही न चुकता जाणं, यांचं मोजमाप मृत्यूच्या तारखेने करायचं का? फिजिओथेरपीने आयुष्य वाढतं असा पुरावा मागून आपण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम थांबवत नाही. स्पीगेल यांच्या आकड्यांवर आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नसत्या तर गुडविन यांच्या आकड्यांनी मान खाली घालायची वेळ आली नसती.

भीतीचा मुद्दा याहून नाजूक आहे. नव्या रुग्णाला जुन्यांमध्ये बसवलं की त्याला पुढचं सगळं एकदम दिसतं. अस्तरापुरती गाठ असलेल्या माणसाशेजारी मूत्राशय काढलेला माणूस बसतो, आणि पहिल्याला आपलं भविष्य शेजारच्या खुर्चीत दिसू लागतं, जरी ते तसं होण्याची शक्यता कमी असली तरी. एखाद्या महिन्यात कुणी येत नाही, मग कळतं की तो गेला. खोलीतला प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःचा हिशोब करतो. हे मी पाहिलं आहे, आणि त्यातून उठून गेलेल्या व परत न आलेल्या माणसाला मी चुकीचं म्हणणार नाही. सगळ्यांना हा आधार झेपतो असं नाही, आणि तो सक्तीचा कधीच नसावा. म्हणूनच पहिली भेट गटाशी न घालता एकाच माणसाशी घालावी: त्याच प्रकारचा आजार, तीच शस्त्रक्रिया, शक्यतो तीच भाषा आणि तेच वय. पण एक विचारावंसं वाटतं. एकट्याने घरी बसलेल्या माणसाला भीती वाटत नाही का? त्याचीही भीती तीच असते, फक्त तिला चेहरा नसतो. दुर्बिणीच्या तारखेआधीची ती रात्र, ती झोप न लागणारी, ज्याने अनेकदा काढली आहे तो "मलाही लागत नाही, गेली नऊ वर्षं लागत नाही" एवढंच म्हणाला तरी माणसाला आपण दुबळे नाही हे कळतं.

"आपल्याकडे कुटुंब असतं, हे गट-बिट परदेशातले," असं म्हणणाऱ्यांनाही मी हलक्यात घेत नाही. माझं घर नसतं तर मी उभी राहिले नसते. रक्ताळलेल्या लघवीची भांडी उचलली, रुग्णालयाच्या रांगा धरल्या, ते घरच्यांनीच. तरीही कुटुंबाला मर्यादा आहे, आणि ती प्रेमाच्या कमतरतेतून येत नाही. ज्यांच्यावर आपलं प्रेम असतं त्यांच्यापासूनच आपण सर्वांत जास्त लपवतो. मूत्राशय काढताना पुरुषाचं प्रोस्टेट जातं, अनेकांचं लैंगिक सामर्थ्य जातं. बाईचं बहुतेकदा गर्भाशय आणि योनीचा काही भागही जातो. साठीच्या जोडप्याने हे एकमेकांशी बोलावं, असं आपल्या घरांनी त्यांना कधी शिकवलं? आणि मुलासमोर, सुनेसमोर तर तोंडच उघडत नाही. त्याच ठिकाणी घरची काळजी घेणाराही एकटा पडतो. रोज पिशवी बदलणाऱ्या बायकोला किळस येते, किळस आल्याची लाज वाटते, आणि ती लाज ती नवऱ्याला सांगू शकत नाही. तिला तिच्यासारखी दुसरी बाई भेटायला हवी. म्हणून रुग्णांच्या बैठकीइतकीच सोबतच्या माणसांची बैठक मला गरजेची वाटते, कधी कधी जास्तच.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. या आजारात पुरुष बाईच्या तीन-चार पट, त्यामुळे तो पुरुषांचा आजार समजला जातो आणि बाईचं निदान लांबतं. न दुखता लघवीतून रक्त जाणं हे याचं सर्वांत नेहमीचं पहिलं लक्षण. पुरुषाला रक्त दिसलं की तो निदान घाबरतो. बाईला रक्त पाहायची सवय असते. पाळीचं असेल, पाळी जाताना होतं तसं असेल, उन्हाळी लागली असेल, म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, मग जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकांचा एक कोर्स, मग दुसरा. दुखत नाही ना, मग कशाला जायचं? बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा पुढच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामागे हा उशीर हे एक मोठं कारण आहे. आणि निदान झाल्यावर ती जिथे जाते तिथे सगळे पुरुष बसलेले असतात, त्यांचे प्रश्न प्रोस्टेटचे असतात. तिने तिथे काय विचारायचं?

एकत्र बसलेल्या रुग्णांना आणखी एक गोष्ट दिसते, जी एकेकट्याला दिसत नाही. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे आलेले मूत्राशयाच्या गाठींचे काही रुग्ण फुक्सिन रंग बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार आहेत. एकेका केसकडे सुटं पाहिलं असतं तर ते दुर्दैव वाटलं असतं. शेजारी ठेवल्यावर त्यांतलं कारण दिसलं. रंगातली काही रसायनं कर्करोग करतात हे जगाला पटायला पुढे कित्येक दशकं गेली. रंगधंद्यातल्या बीटा-नॅफ्थायलअमाइन या रसायनाने कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी होतात हे विल्हेल्म ह्यूपर यांनी १९३८ मध्ये दाखवलं, ब्रिटनने त्याच्या वापरावर बंदी आणली ती १९६७ च्या नियमांनी. या आजाराच्या निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असतं, म्हणून आपल्याकडे प्रश्न एकच विचारला जातो: विडी-सिगारेट किती? तो विचारायलाच हवा, आणि निदानानंतरही विडी सोडल्याने फायदा होतो हे सांगायलाच हवं. पण इचलकरंजी, सोलापूर, भिवंडीच्या रंगखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला "काम काय करत होता?" असं किती ठिकाणी विचारलं जातं? रुग्ण एकत्र बसले की हा प्रश्न आपोआप निघतो, कारण ओळखच मुळी "तुम्ही कुठे कामाला होता?" अशी होते.

सर्वांत शेवटचा आक्षेप माझ्याच विचाराच्या लोकांकडून येतो आणि तो मला सर्वांत जास्त छळतो. सरकारने द्यायची ती सेवा रुग्णांनी एकमेकांना फुकट द्यावी, असंच मी सांगते आहे का? स्टोमाची प्रशिक्षित परिचारिका जिल्हा रुग्णालयात नेमायची नाही, समुपदेशक नेमायचा नाही, आणि वर "तुमचे पेशंट लोक आहेत ना, त्यांना विचारा" म्हणायचं, ही सोय आपण करून देतो आहोत का? धोका खरा आहे. यावर उत्तर एकच: भेटलेली माणसं नुसती एकमेकांना सांभाळत बसली तर हा आक्षेप खरा ठरेल, आणि मागण्या करू लागली तर खोटा. १९८३ मध्ये डेन्व्हर इथे एड्स झालेल्या लोकांनी आपल्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे प्रत्येक पातळीवर आपण असू, असं जाहीर केलं, आणि पुढे औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलायला लावले. त्यांची सुरुवातही एकमेकांच्या खाटेजवळ बसण्यापासूनच झाली होती. अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगासाठीची संस्था २००५ मध्ये जॉन क्वेल हा रुग्ण आणि त्याची पत्नी डायन यांनी उभी केली. तिने रुग्णांना आधार दिलाच, संशोधनासाठी पैसाही उभा केला. जगात बीसीजीचा तुटवडा वर्षानुवर्षं चालू आहे, डोस मिळत नाहीत म्हणून उपचार लांबतात. ही बीसीजी पुण्यातही बनते. तिचा पुरवठा आपल्या सरकारी रुग्णालयांत नियमित व्हावा हे सरकारला सांगणार कोण? एकटा, किडनीचं कारण सांगून घरी बसलेला रुग्ण सांगणार आहे का?

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. मूत्राशय काढायची शस्त्रक्रिया ठरली की ती होण्याआधी, म्हणजे पिशवी की नवं मूत्राशय हा निर्णय अजून हातात असताना, त्या माणसाला दोन्ही प्रकारचा एकेक जुना रुग्ण भेटवावा. आज हा निर्णय कागदावरच्या चित्रावरून घेतला जातो, आणि तो आयुष्यभर निभवायचा असतो. शस्त्रक्रियेनंतर सुट्टी देताना कार्डावर औषधांच्या खाली बैठकीचा वार, वेळ आणि खोली छापलेली असावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रत्येक मूत्ररोग विभागात महिन्यातून एकदा एक खोली, एक परिचारिका आणि बायकांसाठी वेगळा तास, एवढं आजच्या मनुष्यबळात जमण्यासारखं आहे. लांबून येणाऱ्यासाठी ही बैठक त्याच्या दुर्बिणीच्या दिवशीच ठेवावी, म्हणजे त्याला दुसरं भाडं पडणार नाही आणि दुसरा रोज बुडणार नाही. भेटायला येणाऱ्या जुन्या रुग्णाला येण्याजाण्याचं भाडं मिळावं, कारण तो काम करतो आहे. आणि दर जिल्ह्याला एक तरी स्टोमाची प्रशिक्षित परिचारिका, पगारी आणि कायम, ही मागणी या बैठकीतून लेखी जायला हवी, सगळ्यांच्या सह्यांनिशी.